प्रवासातील शेगडीची हकीकत



यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही तरी इतिहासाचे लिहून द्यावे असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा कोणी किल्ल्यांवर लिहिण्याचे कबूल केले, कोणी अहिल्याबाईंवर. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लढाया आणि तह माझ्याने लिहिता यावयाचे नाहीत. पण चूल, शेगडी, राख आणि निखारा यांच्याशी माझी लहानपणापासून ओळख आहे. तेव्हा मी शेगडीचाच इतिहास लिहावयास घेतला आहे. शेगडी मात्र आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे. ती मोटारीत बसून गावोगाव हिंडते. तिची हकीकत ऐकताना मला आपल्याच घरातल्या काही गोष्टी नव्याने कळल्या, म्हणून ती आपल्यापुढे ठेवते.

आमच्या वन्सं अमेरिकेत मिशिगन राज्यात असतात. गेल्या उन्हाळ्यात त्या घरची मंडळी घेऊन 'कॅम्पर'मधून आठ दिवस फिरून आल्या. कॅम्पर म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच म्हणावयाचे. आत झोपावयाच्या फळ्या, पाण्याची टाकी, हात धुवावयाची मोरी, लहानसा ओटा आणि गॅसची चूलसुद्धा असते. इतके सगळे असून वन्संनी बरोबर कोळशाची एक शेगडी नेली होती. झाकण धरून उंची हातभरही नसेल. पाय दुमडतात, वर लोखंडी जाळी बसते, आणि सगळे आवरून पिशवीत घातले की बाकाखाली राहते. तिच्यावर त्यांनी कणसे, वांगी, रताळी आणि कोंबडीचे तुकडे भाजले. मी विचारले, "वन्सं, गाडीत गॅस असताना हा कोळशाचा खटाटोप कशाला?" त्या म्हणाल्या, "अगं, इथे सगळेच नेतात." सगळेच नेतात म्हणजे त्याला काही तरी कारण असले पाहिजे. माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिला मी पिच्छा पुरवून इंग्रजीतले वाचावयास लावले आणि एकेक गोष्ट समजावून घेऊन वहीत टिपून ठेवली.

प्रवासात रांधावयाची अडचण आपल्याला नवी नाही. पूर्वी यात्रेला निघालेली माणसे तीन दगड मांडून, रानातल्या काटक्या गोळा करून भात शिजवीत. अमेरिकेतही तसेच चाले. तिकडे टेक्सास प्रांतात गुरांचे हजारोंचे कळप महिना-महिना चालवीत दूरच्या रेल्वे स्टेशनापर्यंत न्यावे लागत. गुराख्यांच्या जेवणासाठी १८६६ साली चार्ल्स गुडनाइट नावाच्या माणसाने लष्करातला एक जुना खटारा घेतला आणि त्याच्या मागच्या बाजूस खणाखणांचे कपाट बसविले. कपाटाचे दार खाली पाडले की तेच टेबल होई. त्याला 'चकवॅगन' म्हणत. चाकांवरचे स्वयंपाकघर त्यांच्याकडे तेव्हापासूनचे. पण त्यात चूल नव्हती. जाळ खाली जमिनीवर खड्ड्यात लाकडांचाच करावयाचा, आणि लाकूड नसेल तेथे वाळलेले शेण. आपल्या गोवऱ्याच की!

मग मोटार आली. हेन्री फोर्ड याने १९०८ साली 'मॉडेल टी' नावाची मोटार काढली. पुढे ती इतकी स्वस्त झाली की साध्या शेतकऱ्यालाही घेता येऊ लागली. १९२७ सालापर्यंत अशा दीड कोटी मोटारी झाल्या. मोटार दारात आली की माणूस घरी कशाला बसतो! लोक तंबू, घोंगड्या आणि पातेली बांधून रस्त्याला लागले.

स्वतः फोर्डलाही हा नाद होता. त्याचे सोबतीही लहानसहान नव्हते. विजेच्या दिव्याचा एडिसन, टायरवाला हार्वे फायरस्टोन आणि पांढऱ्या दाढीचा निसर्गलेखक जॉन बरोज. ही चौकडी स्वतःला 'भटके' म्हणवून घेई आणि उन्हाळ्यात रानात जाऊन राही. बरोजबुवांना मोटारीचा मुळीच प्रेमा नव्हता. ती रानाची शांतता घालवील असे त्यांचे मत. फोर्डने त्यांना एक मोटारच भेट पाठवून दिली आणि बुवा विरघळले. ही मंडळी १९१८ साली डोंगराळ दक्षिण भागात हिंडली, १९१९ साली पुन्हा निघाली, आणि १९२१ साली तर अमेरिकेचे अध्यक्ष हार्डिंग हे त्यांच्या तळावर येऊन राहिले. बरोज मात्र त्याच वर्षी काही महिने आधी वारले होते.

भटके म्हणावे तर थाट असा की १९१९ सालच्या सफरीत लहानमोठ्या पन्नास गाड्या होत्या. त्यांपैकी एक गाडी नुसती स्वयंपाकाची. तिच्यात पेट्रोलवर जळणारी चूल आणि बर्फाचे कपाट बसविले होते, आणि रांधावयास आचारी बरोबर. तंबूत विजेचे दिवे होते. वर्तमानपत्रवाले मागोमाग येऊन फोटो काढीत. फोर्ड कुऱ्हाडीने लाकडे फोडतानाचे फोटो पुष्कळ निघाले. रोजच्या चुलीसाठी जी बाई लाकडे फोडते तिचा फोटो कोणी काढल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. असो.

साध्या लोकांपाशी आचारी कुठला? ते डब्यातले अन्न नेत. १९१९ सालीच फ्लोरिडातील टँपा गावी अशा मोटारवाल्या प्रवाशांनी एक मंडळ काढले, त्याचे नावच मुळी 'टिन कॅन टूरिस्ट्स', म्हणजे डबेवाले प्रवासी. ओळख पटावी म्हणून ते मोटारीच्या तोंडाशी एक रिकामा डबा डाग देऊन बसवीत. १९२३ साली कोलमन कंपनीने पेटीसारखा मिटणारा पेट्रोलचा स्टोव्ह काढला. आपल्याकडे पंप मारावयाचा रॉकेलचा स्टोव्ह होता, त्याच जातीचा. या स्टोव्हवर कॉफी उकळावी, डब्यातली उसळ गरम करावी, झाले जेवण.

येथे मला प्रश्न पडला की मग कोळसा मागे का राहिला? उत्तर आपल्याच अनुभवात आहे. ज्यांनी कोळशाच्या पोत्याशी संसार केला आहे त्यांना ठाऊक आहे की त्यात काही तुकडे मुठीएवढे, काही वाटाण्याएवढे, आणि खाली पायलीभर भुकटी. एक तुकडा भराभरा जळून जातो, दुसरा धुमसत राहतो, तिसरा फटफट उडून पदराला भोके पाडतो. हात काळे, कपडे काळे. मोटारीच्या गादीवर हे पोते कोण ठेवील? कोळसा प्रवासाला निघावयाचा तर आधी त्याला शहाणा करावयास हवे होते. ते काम ज्याने केले तो पुन्हा फोर्डच, आणि तेही मोटारीच्याच पायी. ही गोष्ट ऐकली तेव्हा मला फार गंमत वाटली.

त्या वेळच्या मोटारीत लाकूड पुष्कळ लागे. चाकांचे आरे, तळाच्या फळ्या, पेटीचा सांगाडा, सगळे लाकडाचे. दुसऱ्याकडून लाकूड विकत घेण्यापेक्षा आपलेच जंगल असावे असे फोर्डच्या मनात आले. मिशिगनच्या उत्तर भागात आयर्न माउंटन नावाचे गाव आहे. तेथे फोर्डच्या एका चुलत बहिणीचे यजमान, एडवर्ड किंग्जफर्ड, मोटारी विकण्याचा आणि जमिनीचा धंदा करीत. त्यांच्या मध्यस्थीने फोर्डने १९२० च्या सुमारास सुमारे ३ लाख १३ हजार एकर जंगल घेतले आणि लाकडाची गिरणी घातली. पाहा, नात्यातल्या माणसाची मध्यस्थी तेथेही लागतेच!

गिरणी म्हटली की ढलप्या, साली, भुसा आणि फांद्या यांचे ढीग आलेच. फोर्ड मोठा काटकसरी. काही फुकट गेलेले त्याला खपत नसे. या कचऱ्यासाठी त्याने तेथेच दुसरा कारखाना उभारला. लाकूड हवा लागू न देता तापविले की ते जळून राख होत नाही. त्यातला ओलावा आणि वायू निघून जातात आणि कोळसा राहतो. आपल्याकडे कातकरी लोक रानात मातीखाली भट्टी लावून कोळसा पाडीत, त्यातले तत्त्व हेच. फोर्डच्या कारखान्यात बाहेर पडणाऱ्या वाफाही धरून त्यांपासून रसायने आणि स्पिरिट काढीत. पण ढलप्यांचा कोळसा झाला तो भुकटीच्या रूपात. भुकटी कोण घेणार?

येथे ओरेगन विद्यापीठातले ओरिन स्टॅफर्ड नावाचे रसायनशास्त्राचे अध्यापक कामी आले. कोळशाची पूड करावी, तीत पिष्ठाची खळ घालून मळावी, साच्यात दाबून उशीच्या आकाराच्या वड्या पाडाव्या आणि वाळवाव्या, अशी त्यांची रीत. पूड दाबून वडी करण्याची कल्पना अगदी नवी नव्हती. एल्सवर्थ झ्वॉयर नावाच्या माणसाने १८९७ साली तिचे पेटंट घेतलेले होते. पण मोठ्या प्रमाणावर घरोघर पोचली ती फोर्डची वडी. एक टन, म्हणजे तिकडच्या मापाने २००० पौंड, टाकाऊ लाकडातून ६१० पौंड वड्या निघत.

मुलगी मला हे वाचून दाखवीत होती तेव्हा मी तिला मध्येच थांबविले. म्हटले, "अगं, हे तर आपले गोळे!" ज्या भगिनी आज साठीच्या पुढे आहेत त्यांना सांगावयास नको. कोळशाच्या पोत्याच्या तळाशी राहिलेली भुकटी आमची आई टाकून देत नसे. तीत शेण आणि थोडी चिकणमाती घालून, पाणी शिंपडून, लाडवासारखे गोळे वळी आणि उन्हात वाळत घाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम आम्हा पोरींकडे. दोन दिवस नखातला काळेपणा जात नसे. हे गोळे चट्कन पेटत नाहीत, पण एकदा धरले की एका चालीने, न तडतडता, दुपारपर्यंत जळतात. बंबात तर फारच उत्तम. आमच्या आईने शेण घातले, स्टॅफर्डसाहेबांनी खळ घातली, एवढाच काय तो फरक. आईचा हिशेब एका पोत्याचा, फोर्डचा ३ लाख एकरांचा. पण भुकटी टाकवत नाही हा जीव दोन्हीकडे एकच.

या वडीने काम सोपे केले. सगळ्या वड्या सारख्या, म्हणून आच सारखी. इतक्या वड्यांवर इतके भाजून होते असा अंदाज बांधता येतो. पिशवीत घालून नेता येते, फारसा चुरा होत नाही. लहान शेगडीला हे फार सोयीचे, कारण तिच्यात मुळात जागा थोडी. ओबडधोबड तुकडे घातले तर एका बाजूला करपते आणि दुसऱ्या बाजूला कच्चे राहते.

वड्या आधी मांस धुरवणाऱ्या कारखान्यांसारख्या मोठ्या गिऱ्हाइकांना जात. पुढे १९३० नंतरच्या दहा वर्षांत फोर्डने आणखी एक युक्ती केली. मोटारीच्या दुकानातूनच कोळशाच्या पिशव्या विकावयास ठेवल्या, आणि त्यांच्या जोडीला मोटारीत मावेल अशी लहान शेगडी. मोटार घ्यावयास जावे आणि कोळसा, शेगडी घेऊन यावे! म्हणजे मोटार करताना जे लाकूड उरले, त्याचाच कोळसा झाला, आणि तो त्याच मोटारीत बसून सहलीला निघाला. वन्संच्या कॅम्परमधल्या शेगडीचे मूळ घराणे हे असे आहे.

पुढचे थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धात आयर्न माउंटनच्या कारखान्यात इंजिनाविना उडणारी ग्लायडर विमाने झाली, चार हजारांहून अधिक. १९५१ साली कोळशाचा धंदा फोर्डकडून दुसऱ्यांनी घेतला आणि त्याला किंग्जफर्ड हे नाव दिले. कारखान्यालगत वसलेल्या गावाचे नावही किंग्जफर्डच आहे. आजही अमेरिकेतल्या दुकानांत या नावाच्या पिशव्या मिळतात. वन्संनीही हीच पिशवी घेतली होती.

शेगडीचे रूपही पालटले. १९५२ साली शिकागोकडच्या एका लोखंडकाम करणाऱ्या कारखान्यातील जॉर्ज स्टीफन याने पाण्यावर तरंगणारे खुणेचे पोकळ गोळे बनविताना एक गोळा मधोमध कापला. खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्याचे झाकण केले, आणि हवा येण्या-जाण्यास भोके ठेविली. भोके उघडली की आच वाढते, मिटली की मंदावते. आपण शेगडीचे खालचे दार उघडून विंझण्याने वारा घालतो आणि मंद हवी तर राखेने झाकतो, तेच. त्याच सुमारास जपानकडून बिडाच्या लहान शेगड्या जाऊ लागल्या, त्यांना तिकडे 'हिबाची' म्हणू लागले. खरे पाहता जपानात हिबाची म्हणजे हात शेकावयाचे निखाऱ्याचे भांडे. रांधावयाच्या शेगडीला ते 'शिचिरिन' म्हणतात. पण परक्या देशात गेले की सुनेसारखे वस्तूचेही नाव बदलते.

आणखी एक मौज. अमेरिकेत घरातला स्वयंपाक बायकांकडे, पण तीच आच अंगणात किंवा रानात गेली की पुरुषांकडे. त्या काळापासून पुरुष ऐटीत एप्रन बांधून निखाऱ्यांपुढे उभे राहू लागले. वन्संकडेही भाजण्याचे काम त्यांच्या यजमानांनी केले. मात्र मसाला आदल्या रात्री वन्संनी लावला, आणि दुसऱ्या दिवशी जाळी त्यांनीच घासली.

१९५६ साली अमेरिकेत मोठमोठ्या हमरस्त्यांचा कायदा झाला, आणि १९६६ पासून विनेबागो कंपनीच्या कारखान्यातून चाकांवरची घरे भराभर बाहेर पडू लागली. त्यांत नळकांड्यांतला गॅस आला. गॅस आला तरी कोळशाची चव कोणाला सोडवेना. भाजताना वरचा रस निखाऱ्यावर पडतो, त्याचा धूर पदार्थाला लागतो आणि तो खमंगपणा गॅसला येत नाही. आपल्या वांग्याच्या भरताचे उदाहरण पुरे आहे. म्हणून शेगडी राहिली. पण शेगडी ही दाराबाहेर मांडावयाची वस्तू आहे, आणि येथेच या हकीकतीतली ती गोष्ट येते जिच्यासाठी मी एवढे लिहिले.

जुना प्रवासी उघड्यावर रांधी, तंबूही कापडाचा. नवे कॅम्पर मात्र पत्र्याचे, काचा घट्ट, फटी बुजविलेल्या, कारण आतली ऊब बाहेर जाऊ नये. रात्री रानात थंडी पडते. जेवण झाले, शेगडीत निखारे आहेत, धूर तर मुळीच नाही. मग ती आत घेतली तर काय बिघडले, असा मोह होतो. त्या मोहाने तिकडे माणसे मेली आहेत. कोळसा जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. फ्रान्समधील क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाने १८५७ च्या सुमारास दाखवून दिले की हा वायू रक्तात जाऊन प्राणवायूची जागा बळकावतो. रक्तातले तांबडे द्रव्य प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने याला धरून ठेवते. मग माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, झापड येते. जो झोपला आहे त्याला यातले काहीच कळत नाही.

धूर आणि हा वायू निराळे, एवढे जरी आपण ध्यानात घेतले तरी पुष्कळ झाले. कोळसा ओला किंवा कच्चा असला की धूर येतो, खोकला येतो, आणि आपण खिडकी उघडतो. धूर हा त्या दृष्टीने ओरडणारा शत्रू. उत्तम पेटलेला, लालबुंद, बिनधुराचा निखारा काहीच बोलत नाही. आणि वरून राख धरून विझल्यासारखा दिसणारा निखाराही आतून जळतच असतो आणि वायू सोडीतच असतो.

अमेरिकेत कोळशाच्या पिशवीवर याची सूचना छापावी असा कायदा आहे. १९९६ साली तिथल्या ग्राहकांच्या सुरक्षेसाठी असलेल्या सरकारी आयोगाने ती सूचना बदलून तीत चित्रे घालावयास लावली. घर, तंबू आणि गाडी, या तिन्हींत शेगडी दाखवून वर फुली मारलेली. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्यालाही समजावे हा हेतू. मला ही गोष्ट फार आवडली, कारण मलाही इंग्रजी वाचता येत नाही. वन्संनी पिशवीचा फोटो पाठविला, तो मी नीट पाहिला. कॅम्परमध्ये हा वायू ओळखून किंचाळणारे एक यंत्रही छताजवळ बसविलेले असते.

वन्संच्या तळावर शेगडीचे बाकीचे नियमही कडक होते. शेगडी गाडीपासून दूर, उघड्यावर मांडावयाची. राख दुसऱ्या दिवशीसुद्धा गरम असू शकते, म्हणून पाणी ओतून, ढवळून, हाताला गार लागेपर्यंत थांबावयाचे. पश्चिमेकडच्या रानांत उन्हाळ्यात वणव्याची भीती वाढली की कोळशाला साफ मनाई होते, गॅसला मात्र परवानगी राहते. आणि यलोस्टोनसारख्या ठिकाणी खरकटी शेगडी बाहेर टाकून झोपता येत नाही. वासाने अस्वल येते. ही गोष्ट आमच्या धाकट्या जाऊबाईंना मी मुद्दाम सांगितली, कारण रात्रीची भांडी सकाळवर टाकण्याची त्यांना सवय आहे.

आता आपल्या घराकडे येते. आपल्याकडे कॅम्पर नाहीत. पण बाळंतिणीची खोली आहे. बाळंतिणीला आणि बाळाला शेक द्यावयाचा, ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी द्यावयाची, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची रीत. माझी आजी गावात बाळंतिणींचे सगळे करीत असे. ती शेगडी अंगणात पेटवी, धूर पार जाईपर्यंत वारा घाली, आणि निखारे फुलले म्हणजेच आत नेई. वर्षानुवर्षे हे चालले, आणि बहुतेक वेळा निभावले. म्हणून कोणी म्हणेल की आजी काय अडाणी होती? मुळीच नाही. पण ते घर कौलारू होते. कौलांच्या फटीतून चांदणे दिसे, मग वायू का जाणार नाही? दाराला खाली बोटभर फट, खिडकीला काच नाही, नुसते गज. हवा आपोआप खेळत होती, त्यामुळे तिची वेगळी काळजी कोणाला करावी लागली नाही. आता आपण स्लॅबच्या घरात राहतो, सरकत्या काचा लावतो, दाराखाली रबराची पट्टी बसवितो. रीत तीच राहिली आणि खोली मात्र कॅम्परसारखी झाली.

तीन वर्षांपूर्वी आपल्या आळीतल्या एका नव्या इमारतीत जे झाले ते त्या घरच्या मंडळींना विचारूनच लिहीत आहे. पौषातली थंडी. सून बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. बाळाला वारा लागू नये म्हणून काचा लावलेल्या, आणि पलंगाखाली शेगडी. कोळसा चांगला पेटलेला, धूर नाही. दुपारी ती मुलगी म्हणाली, डोके फार दुखते. घरच्यांना वाटले, बाळंतवाताचे असेल. म्हणून आणखी चार कोळसे घातले आणि दार ओढून घेतले. तासाभराने तिची बहीण खीर घेऊन आत गेली, ती दोन मिनिटांत भिंतीला धरून बाहेर आली. म्हणाली, "माझे पाय लटपटतात." त्या पोरीला शाळेत हे शिकविलेले होते, म्हणून ती ओरडत पुन्हा आत शिरली आणि आधी काच सरकवली. बाळ उचलले तेव्हा ते रडलेसुद्धा नाही. रिक्षाने दोघांना दवाखान्यात नेले, प्राणवायू लावला. बाळाने टाहो फोडला तो संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी मायलेकरे घरी आली. डॉक्टरांनी सांगितले, आणखी अर्धा तास गेला असता तर बोलावयास काही उरले नसते.

त्या घरच्या आजीबाईंनी दोन दिवस अन्न घेतले नाही. त्यांचे म्हणणे, "माझी सहा बाळंतपणे याच शेगडीवर झाली, हिने कधी दगा दिला नाही." आणि ते खरेच आहे. मी त्यांच्यापाशी बसून वन्संची सगळी हकीकत सांगितली, पिशवीवरची फुली मारलेली तीन चित्रेही दाखविली. त्या बराच वेळ फोटो न्याहाळीत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे शेक चुकीचा नाही, खोली चुकली."

ती शेगडी आता त्यांच्या गॅलरीत असते. दुपटी आणि जुनी लुगडी बाहेरच तिच्यावर धरून गरम करतात आणि कापड तेवढे आत नेतात. अंग शेकावयास रबराची गरम पाण्याची पिशवी घेतली आहे, वर फडके गुंडाळून. या वैशाखात त्यांच्या नातीचे बाळंतपण झाले. निखारे गॅलरीत, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम केलेली, आणि खिडकीची एक काच चार बोटे उघडी. आजीबाई स्वतः दर तासाला उठून ती काच कोणी लावली तर नाही ना, हे पाहत होत्या.